चाळीस नंबरचा वाटा

खांबाटोला, ता. धानोरा
९ फेब्रुवारी २०२४

रुपाली,

फोन तू उचलत नाई, व्हॉट्सॲपवर मले बंद करून ठेवलं, म्हणून धानोऱ्याच्या पोस्टातून रजिस्टर करून राह्यली. सही करूनच घ्यावं लागते. तेवढं तरी कळंल का तुझ्या हातात पडलं. फाडाचं असंल तं वाचून फाड.

तुझा पेपर छापून आला म्हणे. उपकेंद्रातल्या दिव्यानी सिस्टरनं मोबाईलवर काढला अन् मले बाकड्यावर बसवून एकेक ओळ मराठीत सांगतली. अभिनंदन. आता तू डॉक्टर. सुईची नाई, चहाची. ग्रीन टी पेल्यानं बीपी, साखर अन् वजनाचं काय होते त्याचा अभ्यास. बारा आठवडे, चौसष्ट माणसं. अर्ध्यांले ग्रीन टी, अर्ध्यांले तसाच दिसणारा भाजलेल्या जवाचा चहा. ग्रीन टीवाल्यांचा वरचा आकडा सरासरी सातनं उतरला. आपल्या गावाचं नाव नाई लिहलं, 'पूर्व विदर्भातलं मच्छीमारांचं एक गाव' लिहलं. चांगलं केलं. नाव लिहलं असतं तं लोकांनी विचारलं असतं, तिथी तुझं कोण राह्यते.

मंग खाली एक ओळ आली अन् दिव्यानी वाचता वाचता थांबली. मी म्हणलं, वाच ना व, काऊन थांबली? तवा तिनं वाचलं, 'तीन सहभागींशी संपर्क तुटल्याने त्यांची माहिती गणनेत धरलेली नाही.'

ते तिघं कोण हे मले कोणी सांगाची गरज नाई, वही मीच भरली. सतरा नंबरचा पोचू मिरची तोडाले तेलंगणात गेला. त्याच्याशी तुटला संपर्क, मान्य. बावन नंबरची पुनम नवऱ्यासंगं माजरीले खाणीच्या क्वार्टरात राहाले गेली. तेही मान्य. तिसरी चाळीस नंबर. चाळीस नंबर आपली माय.

मायशी संपर्क कसा तुटला व? तूच तं तिच्या तोंडात शेवटचं पाणी घातलं. लाकडं रचली तवा तू तिथीच होती. नागपूरले जाऊन टेबलावर बसली अन् लिहलं, संपर्क तुटला! 

अन् त्या दिवशी आंगणात, सगळ्या बायांसमोर, तू मले काय म्हणाली ते मले पाठ आहे. 'बाई, तू आशा आहेस. गावभर बीपी मोजत फिरते, अन् घरातली माय तुझ्या डोळ्यासमोर गेली.' मी म्हणलं, 'तुझ्या चहानं गेली.' चवथ्या दिवशी तूनं बॅग उचलली. दहा महिने झाले, तुझा आवाज नाई ऐकला.

माझं काम मी केलं. मायच्या गोळ्या दर महिन्याले उपकेंद्रातून आणून मी तिच्या हातात ठेवल्या, रजिस्टरले नोंद आहे. दर आठवड्याले पट्टा बांधला, आकडा लिहला, तुझी वही भरून पाठवली. माझ्यात चूक काढाले जागा नाई.

एकच म्हणणं आहे. ती ओळ बदल. माणूस मेलं तं मेलं लिहावं लागते. दहावी पास आशांलेही एवढं शिकवते सरकार.

गोकुळा


२६ फेब्रुवारी

रुपाली,

तुझा निरोप दिव्यानीनं वाचून दाखवला. 'बाईला सांगा, हे नियमानुसार आहे. शेवटचं मोजमाप झालं नाही की व्यक्ती गणनेत येत नाही. यात भावनेचा प्रश्न नाही.'

वा. 'नाही' म्हणाले शिकली तू. मायनं मरेपर्यंत 'नाई'च म्हणलं.

मले चार ओळी लिहासाठी तुले सिस्टर मधात लागते का? लेकाचं, मी तुले कडेवर घेऊन तलावाच्या पाळीवर फिरवलं. माय धानोऱ्याच्या बाजारात मासोळ्या घेऊन बसे, अन् तुझं नाक मी पुसू. माझी शाळा दहावीले सुटली ती तुझ्यासाठीच सुटली. हे मी कधी बोलली नाई. आता बोलून राह्यली.

तं मंग तुझ्या गणनेची गोष्ट ऐक. तुले वाटते तुझी गणना म्हणजे देवाचा शब्द.

तू मागच्या वर्षी जानेवारीत आली तवा समाजमंदिरात सतरंजी टाकून सगळ्यांले सांगतलं. दूध नाई, साखर नाई, दोन कप रोज, ज्याची गोळी चालू आहे त्यानं गोळी चालूच ठेवाची. बरोबर सांगतलं, मी नाई म्हणत नाई. पण तू सांगतलं कागदातून, मान खाली घालून, शहरातल्या बोलीत. संध्याकाळपर्यंत अकरा अंगठे झाले. त्यातला पयला मायचा. तू तोंड एवढंसं करून बसली. मंग मी उठली. घरोघर गेली अन् आपल्या बोलीत सांगतलं, 'आपल्या रुपीनं नागपूरवरून बीपीचा चहा आणला, आंगठा मारा.' दोन दिवसात चौसष्ट. तू मले मिठी मारली. कसं सांगतलं, काय सांगतलं, ते तूनं विचारलं नाई.

चार आठवड्याचे पुडे तूनं नंबर टाकून वाटले अन् गेली. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी तलाव होता, सगळ्या गावाची मिळून मासेमारी. सगळी जाळी पडली, मासोळी निघाली, पाळीवर ताडपत्री हातरली. तवा वाटे पाडणारा डोमाभाऊ म्हणाला, थांबा, चहाचंही पाहून घेऊ. लोकांनी चव पाहून वळखलंच होतं ना. एक कडू, एक भाजल्यासारखा. एकाच घरात सासूले कडू अन् सुनेले भाजका. जे चौसष्टात नाई त्यांले काहीच नाई. डोमाभाऊ म्हणाला, 'आपल्या तलावात असं कधी होते का? एकाले मरळ अन् एकाले चिखल? गावाच्या नावानं आलेली वस्तू आहे, गावात वाटली जाईल.'

मंग जसं मासोळीचं करते तसंच केलं. सगळ्यांनी आपापले पुडे आणून ताडपत्रीवर ओतले. एक्केचाळीस घरं, एक्केचाळीस ढीग. कडू-भाजकं सगळं एकत्र. डोमाभाऊ पाठ फिरवून तलावाकडे तोंड करून उभा राह्यला. एकजण ढिगावर काडी ठेवून विचारे, 'हा कोणाचा?' अन् तो न पाहता नाव घे. भैयाजीचा. झिंगूचा. बयनाबाईचा. माय हसत हसत गेली अन् आपला वाटा पदरात घेऊन आली. तोच आपल्या घरचा वाटा, मी पण त्यातलाच पेली. होय, मी तिथीच होती. हसून राह्यली होती.

पुढच्या दोन खेपेचे पुडेही तसेच वाटले गेले. तुझी बत्तीस माणसं ग्रीन टीची अन् बत्तीस जवाची, ते फक्त तुझ्या कागदावर. इथी कोणी काय पेलं ते डोमाभाऊच्या पाठीलेही माहीत नाई.

आता सांग, सात कुठून उतरले?

तुझी बाई


१६ मार्च

रुपाली,

मागच्या पत्राचा निरोपही नाई आला. पोचपावतीवर तुझी सही आहे, ती मी पाह्यली. म्हणजे तूनं वाचलं.

गडचिरोलीले आशांचं प्रशिक्षण होतं. जेवाच्या वेळी एटापल्लीकडची रिना नावाची आशा माझ्या बाजूले बसली. ती म्हणाली, 'बाई, आमच्याकडे नागपूरच्या मॅडम येऊन राह्यल्या, मोठा अभ्यास आहे, तीनशे माणसं. चहानं बीपी उतरते म्हणे, आधी एका गावात सातनं उतरला.' मी विचारलं, मॅडमचं नाव काय? तिनं तुझं नाव घेतलं.

मी हातातला घास ताटात ठेवला. मी तिले विचारलं, तू लोकांले काय सांगून राह्यली? तं पोट्टी डोळे मिचकावून म्हणते, 'मी आमच्या माडिया बोलीत सांगते ना, गोळीपेक्षा बरं आहे म्हणून. नाईतर आंगठा कोण देईल?'

रुपा, ती माझंच बोलली. शब्दाले शब्द.

आता ऐक, अन् हे तुले दुखवासाठी नाई लिहत. पयल्या पत्रात मी लिहलं होतं का मायच्या गोळ्या मी दर महिन्याले दिल्या. दिल्या. खोटं नाई ते. पण तेरवी झाल्यावर मायची पेटी काढली. लुगड्यांच्या खाली तिचा तो बिस्किटाचा डबा होता. त्यात तुझा बारावीचा फोटो, बाबाचं मतदान कार्ड, अन् गोळ्यांची पाकिटं. मी मोजली. जानेवारीपासूनच्या सगळ्या. एकही फोडलेली नाई.

सहा वर्षं तिनं एक दिवस गोळी चुकवली नव्हती. मले मंग आठवलं. फेब्रुवारीत एकदा ती पितळेच्या गिलासात तो चहा गाळत होती. मी सहज म्हणलं, माय, गोळी घेतली का? तं म्हणाली, 'आता लेकीचं औषध घरात असताना सरकारचं काऊन खाऊ?' मी हसली. मले वाटलं लाडानं बोलून राह्यली. आशा मी. बारा वर्षं झाली नोकरीले. मी हसली, अन् पुढच्या घरी गेली.

दिव्यानीले मी विचारलं, खरं काय आहे ह्या चहाचं? ती म्हणाली, कुठी कुठी अभ्यासात दोन-तीननं उतरला असं वाचलं आहे, वाईट नाई तो चहा, पण गोळीच्या जागी नाई चालत. एवढंच. एवढं मले कोणी आपल्या बोलीत सांगतलं असतं, अन् मी पुढं सांगतलं असतं. तुले हे माहीत होतं. तूनं कागदातून वाचून दाखवलं अन् तुझं काम झालं.

एटापल्लीच्या त्या तीनशेत किती डबे असतील, रुपा? तिथून गडचिरोलीचा दवाखाना किती लांब आहे ते तुले माहीत आहे का? त्या बाया पडल्या तं खाटेवर आणाव्या लागतील.

तो अभ्यास थांबव. पेपरची ओळ नोको बदलू, माझं ते म्हणणं मी वापस घेते. मायले खुशाल गाळ. पण हे थांबव. महिनाअखेरपर्यंत वाट पाह्यते.

बाई


३० मार्च

रुपा,

आज मायले वर्ष झालं. तू येशील असं एक मन म्हणत होतं. सकाळी मी दोन कप मांडले होते, येडी.

तू आली नाई, पण परवा तुझा फोन आला. बारा महिन्यांनी, अन् चार मिनिटं. 'बाई, तू म्हणतेस ते वाटणीचं कशावरून खरं? माझ्याकडे तुझ्याच हातची वही आहे. बारा आठवड्यांचे आकडे आहेत. पुडे मिसळले असते तर दोन गटात फरक आलाच नसता.' मी काही बोलाच्या आत फोन ठेवला तूनं.

बरोबर बोलली. शिकलेली आहे, बरोबरच बोलणार. फरक आलाच नसता. अन् आलाही नव्हता.

हे लिहाले मले सकाळपासून दुपार झाली. तीन कागद फाडले.

पाचव्या आठवड्यात तू फोनवर रडत होती, आठवते? 'बाई, दोन्ही गट सारखेच दिसून राह्यले, सर म्हणतात तीन वर्षं वाया.' मी म्हणलं, रडू नोको. तू म्हणाली, 'नीट मोज ना बाई, दोनदा मोज, कमी येईल ते लिही.' मी तेवढ्यावरच समजली. का नाई समजणार? तुझ्या रडण्याचा अर्थ मले तू दोन वर्षांची होती तवापासून कळते.

सहाव्या आठवड्यापासून तुझ्या वहीत मी आपल्या मनानं लिहलं. तू दिलेल्या यादीत ज्यांच्या नावापुढं ग्रीन टी होता त्यांचे आकडे उतरवले. कोणाचे सहा, कोणाचे आठ, कधी कधी एखाद्याचा वाढवला का खरा वाटावा. बाकीच्यांचे होते तसे ठेवले. तुझे सात तिथून उतरले. चहानं नाई उतरवले, मी उतरवले. चुलीजवळ बसून, पेनानं.

तूनं कधी विचारलं नाई का एकदम कसा फरक पडला. खुशीत पेढे पाठवले. तुले माहीत होतं का नव्हतं, हे मी वर्षभर माझ्या मनाले विचारून राह्यली. आता नाई विचारत. तुझं तू पाह्य.

मायचा नंबर चाळीस तुझ्या यादीत ग्रीन टीचा. तिच्या वाट्याले कोणता चहा आला देव जाणे, पण वहीत तिचे आकडे मी उतरवत होती. गेल्या वर्षी २९ मार्चले सकाळी तुझा फोन आला, अकराव्या आठवड्याचा कागद संध्याकाळपर्यंत पाठव, सरांले दाखवाचा आहे. माय पहाटेपासून मोहफूल वेचाले गेलती. दुपारी टोपली घेऊन आली, ओसरीत टेकली, म्हणाली, 'डोकं जड आहे थोडं. रुपीचा चहा घेतला का उतरंल.' मी पट्टा बांधला. आकडा पाहून मले वाटलं मशीन बिघडलं. दुसऱ्यांदा बांधला. तोच, दोन-चारनं इकडे-तिकडे.

आशाले काय कराले शिकवलं आहे? तेव्हाच चिठ्ठी लिहून दवाखान्यात न्याचं. चिठ्ठीवर आकडा लिहावा लागते, तारीख लिहावी लागते. अन् त्याच तारखेले तुझ्या वहीत मी मायचा आकडा लिहणार होती, मागच्या आठवड्याच्या १३४ सारखाच. दोन कागद, एक तारीख, एकच बाई. तुझे सर विचारतील, उपकेंद्र विचारंल. माझ्या डोक्यात हे आलं, रुपा. मायचं डोकं जड होतं अन् माझ्या डोक्यात तुझा कागद होता.

मी मायले म्हणलं, आज आराम कर, उद्या नेते तुले. ती म्हणाली, 'उद्या कायले, उद्या मोठ्या मोहाची फुलं गळणार आहे, भरपूर येतील.' मी तुझ्या वहीत १३२ लिहलं. संध्याकाळी कागदाचा फोटो पाठवला. तूनं अंगठा दाखवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती त्याच मोहाखाली पडली. टोपली अर्धी भरली होती. गडचिरोलीले नेलं, तिथल्या डॉक्टरनं केलं तेवढं केलं, संध्याकाळी ती गेली. अन् मी आंगणात उभी राहून तुले म्हणलं, तुझ्या चहानं गेली.

म्हणून मी तुले शिव्या देत होती व. पयल्या पत्रापासून. मायले तूनं कागदातून काढलं याचा राग होताच, आजही आहे. पण ती कागदात राह्यली असती तं तिच्या नावापुढं माझं १३२ राह्यलं असतं. तूनं तिले काढलं अन् माझं खोटं झाकलं गेलं. मले बरं वाटलं होतं त्या बाकड्यावर, एक क्षण. ते बरं वाटणं मले अजून पचलं नाई.

तुझ्या वहीत लिहाच्या आधी मी खरे आकडे पेन्सिलनं माझ्या शाळेच्या वहीत लिहत होती. सवय आहे आशाची. ती वही मी परवा, तू फोन ठेवल्यावर, धानोऱ्याले जाऊन तुझ्या सरांच्या नावानं रजिस्टर केली. संगं चिठ्ठी लिहली, सही केली. दिव्यानीलेही सांगतलं, ती वर कळवणार आहे. माझं काम जाईल. जाऊ दे. रिनाले आज फोन केला अन् सगळं सांगतलं. ती रडली, मंग माडियात कोणाले तरी ओरडून काही सांगत सुटली. गोळी बंद नोको करू, एवढंच सांगत असंल.

तुझी डिग्री जाईल का राहील, मले माहीत नाई. त्या डिग्रीसाठी माय चौदा वर्षं बाजारात ओल्या लुगड्यानं बसली. मायनं दिलेलं मी काढून घेऊन राह्यली. मले माफ करू नोको. मी पण तुले करणार नाई, आज तरी नाई.

आज तलाव होता. मासोळी थोडी निघाली, एक्केचाळीस ढीग झाले. आपल्या घरी आता मीच, तरी घरचा ढीग मायच्याच नावानं पडला. डोमाभाऊनं तलावाकडे तोंड केलं. काडी ठेवली, 'हा कोणाचा?' तो म्हणाला, 'बयनाबाईचा.' कोणी हसलं नाई, कोणी त्याले टोकलं नाई. मी गेली अन् पदरात घेतला.

शाळेच्या वहीतली शेवटची ओळ तुले लिहून देते. सरांले मिळंलच, पण तुझ्याजवळ माझ्या हातची राहू दे.

२९ मार्च २०२३. दुपारी साडेतीन. बयनाबाई, नंबर चाळीस. वरचा २०४, खालचा ११८. डोकं जड म्हणते. मोजणारी गोकुळा, मोठी लेक.